लाकडी होडी समुद्राने नाही, पावसाने सडते

जुन्या लाकडी होडीची निगा कशी राखायची, हा आजचा विषय. तुमच्यापैकी काहींच्या घरी अशी एखादी होडी असेल. आजोबांची, नाहीतर चुलत्यांची, आणि फायबरची आल्यावर माडाखाली ओढून ठेवलेली. काहीजण नुसतं कुतूहल म्हणून ऐकत असतील. दोघांसाठीही सुरुवात एकाच प्रश्नाने करू. लाकडी होडीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण?

हा प्रश्न आम्ही जिथे जाऊ तिथे विचारतो आणि उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: खारं पाणी. ते साहजिक आहे. खाऱ्या हवेने पत्रे गंजतात, भिंतीला लोणा लागतो, मग लाकडालाही तेच होत असणार असं वाटतं. पण लाकडाचं तसं नाही. लाकूड सडतं म्हणजे त्यात बुरशी वाढते. तिला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, थोडी ऊब, हवा आणि ओल. पहिल्या तिन्ही आपल्या किनाऱ्यावर बारा महिने फुकट आहेत. तेव्हा हिशेब उरतो तो फक्त ओलीचा. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर बुरशीला पाय रोवता येत नाहीत. ते ३० टक्क्यांच्या आसपास गेलं आणि तिथेच राहिलं की ती जोमाने पसरते. आता यातली गंमत बघा. हे पाणी खारं असेल तर बुरशीला ते मानवत नाही. गोडं असेल तर मात्र तिची चंगळ. आणि लाकूड कायमचं पूर्ण पाण्याखाली असेल तर तिथे हवाच नाही, म्हणून तिथेही ती वाढत नाही.

म्हणजे होडी पाण्याखालच्या भागात सडत नाही. ती सडते वरून. कडेच्या पट्टीखाली, नाळेच्या टोकाला, मागच्या फळीच्या कोपऱ्यांत, जिथे पावसाचं पाणी मुरतं आणि वारा पोचत नाही तिथे. समुद्राचं पाणी आत आलं तर आपण घाबरून उपसतो. पावसाचं पाणी वीतभर साठलं तरी 'नंतर बघू' म्हणतो. खरं तर घाई दुसऱ्या पाण्याची करायला हवी.

हे आमच्या मनचं नाही. लाकडी जहाजं बांधणाऱ्या देशांनी यासाठी मोठी किंमत मोजली आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी आरमारासाठी ३० नवी जहाजं बांधली गेली आणि बंदरात नुसती नांगरून ठेवली. सॅम्युअल पेपिस हा आरमाराचा कारभार पाहणारा अधिकारी काही वर्षांनी ती तपासायला गेला. आत त्याला मुठीएवढ्या अळंब्या उगवलेल्या सापडल्या. जहाजं लढाईला गेली नव्हती, वादळात सापडली नव्हती. त्यांच्या पोटातली घाण कोणी काढली नव्हती आणि हवा खेळेल असं काही उघडलं नव्हतं, एवढंच. त्यानंतर सव्वाशे वर्षांनीसुद्धा तीच कथा. 'क्वीन शार्लट' हे शंभर तोफांचं जहाज १८१० साली पाण्यात उतरलं आणि समुद्रावर कामाला जाण्याआधीच इतकं कुजलेलं निघालं की पुन्हा बांधल्यासारखी दुरुस्ती करावी लागली. त्यात न सुकवलेलं ओलं लाकूड वापरलं होतं, आणि ते फळ्यांच्या आड बंद झालं होतं.

याच काळातलं दुसरं एक जहाज घेऊ. ते आपलं आहे. 'त्रिंकोमाली' हे ब्रिटिश आरमाराचं जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलं. जमशेटजी बोमनजी वाडिया हे त्याचे मुख्य बांधणीकार. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं. इंग्लंडमध्ये ओकची टंचाई होती, मुंबईत मलबारचा सागवान येत होता, म्हणून काम इकडे आलं. आज हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे आहे, आणि अजून पाण्यावर तरंगतं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली तरी त्यातलं निम्म्याहून जास्त लाकूड मूळचं आहे.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना 'सागवान तो सागवान' म्हणून छाती फुगवतात. ते खोटं नाही. सागात तेल असतं, तो पाण्याने फार फुगत-आकसत नाही, आणि ओकमधल्या आम्लाने जसे लोखंडी खिळे खाल्ले जातात तसे सागात जात नाहीत. पण त्या जहाजाच्या आयुष्यातली एक गोष्ट कोणी सांगत नाही. १८१९ साली ते इंग्लंडला पोचलं तेव्हा युद्ध संपलेलं होतं. मग त्याचं काय केलं? त्यावर चक्क छप्पर घातलं. घराला असतं तसं. आणि पंचवीसएक वर्षं ते छपराखाली पाण्यावर उभं राहिलं. पेपिसच्या जहाजांपेक्षा कितीतरी जास्त काळ रिकामं बसूनही ते टिकलं. त्यात सागाचा वाटा मोठा आहे. छपराचा वाटाही लहान नाही, असं आमचं मत आहे.

आता याच्या उलट बाजू. 'व्हिक्टरी' हे नेल्सनचं जहाज १७६५ साली पाण्यात उतरलं आणि १९२२ पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत उभं आहे. जगात इतकी निगा क्वचितच कुठल्या जहाजाची राखली गेली असेल. तरीही पावसाचं पाणी वरून झिरपत राहिलं, बुरशी लागली, ओल्या ओकमध्ये भुंगे शिरले. शिवाय पाण्याचा सगळीकडून मिळणारा आधार गेल्यामुळे अंगच्या वजनानेच ते खचत होतं. शेवटी त्याला १३४ नवे टेकू द्यावे लागले. २०२२ पासून मोठी दुरुस्ती चालू आहे, जहाजावर मांडव घातलेला आहे आणि बाहेरच्या सडक्या फळ्या काढून नव्या बसवल्या जात आहेत. काम दहा वर्षांचं धरलं आहे. जपण्यासाठी पाण्यातून वर काढलेलं जहाज हे असं मागतं.

इतकी मोठी उदाहरणं द्यायचं कारण आपल्या होडीलाही नियम तेच आहेत. फक्त आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि त्याआधीचे दोन महिने ऊन लाकूड फाडतं.

उन्हाचं आधी बोलू, कारण नुकसान तिथे सुरू होतं.

लाकडाची फळी लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आकसते. पाण्यातून काढलेली २० सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी चांगली वाळली की, ती कशी कापली आहे त्यानुसार, चार-पाच मिलिमीटरपर्यंत आखडू शकते. होडीच्या एका बाजूला अशा दहा फळ्या असतील तर हिशेब करा. म्हणूनच उन्हात वर्षभर पडलेल्या होडीतून पलीकडचा उजेड दिसतो. मालक म्हणतो, 'होडी संपली.' संपलेली नसते. ती तहानलेली असते. आणि इथे सगळ्यात मोठी आणि न भरून येणारी चूक घडते. त्या फटीत कोणीतरी सिमेंट भरतं, नाहीतर आजकाल दोन डब्यांतलं कडक होणारं लांबी-गोंदाचं मिश्रण भरतं. होडी छान गुळगुळीत दिसते. मग ती पाण्यात जाते, फळ्या पाणी पिऊन फुगतात, त्यांना जागा हवी असते, पण फटीत दगड बसलेला असतो. जोर कुठे तरी जाणारच. तो आतल्या वांकांवर जातो. वांक म्हणजे होडीच्या बरगड्या. त्या तडकतात, नाहीतर खिळे उपसून येतात. फट बुजवताना होडी मोडली, असं हे काम आहे.

मग फटी कशा भरायच्या? कापसाने. वळलेल्या कापसाची वात, किंवा तागाचे धागे, दोन फळ्यांमधल्या सांध्यात बोथट छिन्नीने आणि लाकडी हातोड्याने ठोकून बसवायचे. जुन्या खलाशांच्या हिंदुस्तानी बोलीत या कामाला आणि कारागिरालाही 'कालापत्ती' म्हणत. पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला शब्द आहे तो. बाहेर कुठलंही लाकडी जहाज असो, काम हेच. कापसावर राळ आणि तेल घोटून केलेला लेप देतात. हा लेप मऊ राहिला पाहिजे. फळी फुगली की तो थोडा बाहेर यावा, ही अपेक्षाच असते. बाहेर आलेला पुसून टाकायचा.

कापूस किती ठोकायचा, यातच सगळं कसब आहे. वाळलेल्या होडीत मोठी फट दिसते म्हणून कच्चून कापूस भरला तर परिणाम सिमेंटसारखाच. आम्ही ज्या मिस्त्रींकडे हे काम पाहिलं ते डोळ्यांपेक्षा कानाने काम करतात. कापूस खाली जात असेपर्यंत हातोड्याचा आवाज भरीव येतो, बसला की तो बदलतो आणि छिन्नी किंचित उसळते. तिथे थांबायचं. हे आम्ही इथे बसून शब्दांत सांगतोय, पण शब्दांनी ते येत नाही. एका सांध्याला शेजारी बसून बघितलं की येतं. आणि ज्यांच्या शेजारी बसावं अशी माणसं आता साठीच्या पुढची आहेत. त्यांची मुलं फायबरच्या कारखान्यात जातात. त्यात त्यांची काही चूक नाही.

वाळलेली होडी पाण्यात घालण्याआधी तिला पाणी पाजायचं असतं. आत ओली गोणपाटं अंथरायची आणि आठ-दहा दिवस ती समुद्राच्या पाण्याने भिजवत राहायचं. खारंच पाणी, विहिरीचं नाही. मग भरतीच्या रेषेवर, पाणी येईल-जाईल अशा जागी दोरीने बांधून ठेवायची. पहिल्या दिवशी ती भरेल. भरू द्या. ओहोटीला पाणी उतरेल. चार-पाच दिवसांत पुष्कळशा फटी आपोआप मिटतात. ज्या मिटत नाहीत त्याच खऱ्या दुरुस्तीच्या. आधी कापूस, मग पाणी, की आधी पाणी, मग कापूस? खूप वाळलेली असेल तर थोडं पाणी आधी. म्हणजे फळ्या आपल्या जागेच्या जवळ येतात आणि कापूस जरुरीपुरताच लागतो.

आता पाण्याखालच्या भागाचं बोलू. तिथे बुरशी नाही म्हणालो, पण कीड आहे. टेरेडो. हिला किडा म्हणतात, पण ही खरं तर शिंपल्यांच्या कुळातली. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरते, आतल्या आत लाकूड पोखरत वाढते आणि आपल्या बोगद्याला चुन्याचं अस्तर करते. बाहेरून बघाल तर फळी धडधाकट. मोडली तर आत जाळी. आपल्यासारख्या उबदार पाण्यात काही महिन्यांत ती एखादी उघडी फळी निकामी करू शकते. तिच्यावर उपाय दोन. एक, होडीच्या तळाला लेप. चुना आणि तेल, माशाचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल असे लेप या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. आज तळाला लावायचे रंग मिळतात. लेप कुठलाही असो, त्यात खरचटा राहता कामा नये, कारण तिला टाचणीएवढीच जागा लागते. दुसरा उपाय म्हणजे तिला समुद्रापासून तोडणं. होडी वर ओढून वाळली की ती मरते. खाडीत वर, गोड्या पाण्यात काही आठवडे ठेवली तरी मरते.

बघा हं, इथे एक मजा आहे. आताच आम्ही गोड्या पाण्याला शत्रू म्हणालो. पावसाळ्यात खाडीला येणारं गोडं पाणी बाहेरून होडीला लागलं तर ते औषध, आणि तेच आकाशातून होडीच्या आत साठलं तर रोग. म्हणून 'होडीला पाणी चांगलं की वाईट' हा प्रश्नच चुकीचा. कुठलं पाणी, कुठल्या बाजूने आणि किती दिवस, असं विचारावं लागतं.

आपल्या जुन्या लोकांनी वर्षाची आखणीच अशी केली होती की यातलं बरंचसं आपोआप व्हावं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमाराच्या लाकडाचा विचार आहे. आंबा, फणस ही रयतेची झाडं धन्याला राजी केल्याशिवाय तोडू नयेत, हा त्यातला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. पण आरमाराच्या पावसाळी छावणीचाही विचार त्यात आहे, तो सहसा कोणी वाचत नाही. मृगाच्या आत होड्या वर, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा खाली. आज यांत्रिक मासेमारीवर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती माशांसाठी. लाकडी होडीसाठी ही सुट्टी त्याहून फार जुनी आहे.

तर तुमच्या होडीसाठी मे महिन्यात काय करायचं ते सांगतो. होडी वर घेतली की तळाचा शेवाळ-शिंपल्यांचा थर ओला असतानाच खरवडा, वाळला की तो दगडासारखा होतो. आतल्या फळ्या उचला. वांकांच्या बुडाशी पाणी वाहून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती गाळाने, माशांच्या खवल्यांनी, विडीच्या थोटकांनी बुजलेली असतात. ती मोकळी करा. सगळ्या कामांत हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं. पेपिसच्या जहाजांत झालं नाही ते हेच. मग होडी ओंडक्यांवर बसवा. वजन पठाणावर, म्हणजे होडीच्या खालच्या कण्यावर यायला हवं, आणि ते दोन-तीन ठिकाणी नाही, जितक्या जास्त ठिकाणी विभागेल तितकं. दोनच ओंडके दिले तर चार वर्षांत कण्याला बाक येतो, आणि तो बाक परत निघत नाही. नाळेची बाजू थोडी उंच ठेवा, मागचं बूच काढून ठेवा. आलेलं पाणी गेलं पाहिजे.

आणि मग शाकारा. शाकारणं हा आपला शब्दच किती नेमका आहे बघा. झावळ्यांचे झाप घातले की पाऊस अडतो पण वारा अडत नाही. झाप कुजतात, दर वर्षी नवे करावे लागतात, म्हणून आता सगळे निळं प्लास्टिक वापरतात. वापरा. पण ते होडीवर चादरीसारखं घट्ट लपेटू नका. मधोमध आडवा बांबू बांधा, त्यावरून दोन्ही बाजूंना उतार द्या, आणि पुढचं-मागचं टोक उघडं ठेवा. होडीच्या कडेपासून हातभर तरी वर. घट्ट लपेटलेल्या प्लास्टिकखाली घाम धरतो आणि होडी जुलैपर्यंत आतून भिजलेली असते, एक थेंब पाऊस न लागता.

रंगाबद्दल थोडक्यात. बाहेरून रंग द्या, आतून तेल. दोन्ही बाजूंनी जाड रंगाने लाकूड कोंडलं तर आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. पाण्याच्या वरच्या भागाला फिकट रंग बरा. काळ्या रंगाची बाजू उन्हात इतकी तापते की त्याच होडीच्या दोन बाजूंच्या फटींत फरक दिसतो.

खिळ्यांचं पथ्य साधं आहे: धातू मिसळू नका. तांब्याच्या खिळ्यांच्या होडीत एखादा पोलादी स्क्रू मारला की खाऱ्या पाण्यात तो आधी जातो. लोखंडी खिळा गंजताना फुगतो आणि भोवतीचं लाकूड खराब करतो. फळीवर खिळ्याभोवती काळा डाग दिसला तर रंग मारून झाकू नका, तिथे खिळा बदलायची वेळ झाली आहे.

सडलेलं ओळखायचं कसं? छिन्नीच्या मुठीने ठोकत जायचं. निरोगी लाकूड ठणकतं, सडलेलं भद्द वाजतं. शंका आली तिथे टोचा घुसवून बघायचा. एक सूचना: ओल मोजायची छोटी यंत्रं मिळतात, पण खारवलेल्या लाकडात मीठ असल्याने ती आकडा फुगवून दाखवतात. त्यांच्या भरवशावर फळ्या काढू नका. आणि मिठाचं निघालंच आहे तर, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात जहाज बांधताना वांकांच्या मधल्या पोकळीत मुद्दाम जाडं मीठ भरत, लाकूड टिकावं म्हणून. लाकडी डेक रोज सकाळी समुद्राच्या पाण्याने धुवायची खलाशांची पद्धतही निव्वळ स्वच्छतेची नव्हती. सांधे फुगलेले राहायचे आणि मीठ मुरायचं.

सडलेला भाग काढताना पंधरा-वीस सेंटिमीटर पुढच्या चांगल्या लाकडापर्यंत जा. नवा तुकडा त्याच जातीच्या, सुकलेल्या लाकडाचा घ्या. सांधा तिरका आणि लांब हवा: फळीच्या जाडीच्या निदान आठपट, जमलं तर बारापट. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. चौकोनी ठिगळ हे पँटला ठीक.

आता एका गोष्टीवर स्पष्ट बोलतो, कोणाला लागलं तरी. जुन्या होडीवर बाहेरून फायबरचं कातडं चढवायची पद्धत पडली आहे. मासेमारी करणाऱ्याने हे केलं तर आमची तक्रार नाही. त्याला आणखी काही हंगाम काढायचे असतात आणि हिशेब त्याचा तो जाणतो. पण 'जपण्यासाठी' म्हणून हे करू नका. आतलं लाकूड हलतं, कातडं हलत नाही. दोघांत फट पडते, फटीत गोडं पाणी शिरतं आणि आता ते दिसतही नाही. पुढे कधी दुरुस्त करू म्हटलं तर कातडं काढताना लाकूड सोबत येतं.

आणि दुसरी पद्धत, होडी दारात सजवून ठेवायची. हॉटेलांच्या, बंगल्यांच्या, कधी सरकारी बागेच्या दारात. आत माती भरून फुलझाडं लावलेली. आम्ही असल्या होड्या बऱ्याच पाहिल्या. ओली माती, रोजचं गोडं पाणी, ऊब आणि हवा. बुरशीला काय हवं ते सुरुवातीला सांगितलं, ताडून बघा. पाच-सहा पावसाळ्यांत नाळ हातात येते. लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हेच वाईट वाटतं. समुद्रावर चाळीस वर्षं टिकलेली होडी सत्काराने गेली.

इथे थांबतो. आलेले दोन-तीन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न: 'आमची होडी आठ वर्षं पडवीत आहे, कोरडी आहे, फटी बोटभर आहेत. वाचेल का?' पडवीत असेल, म्हणजे पाऊस लागला नसेल, तर बरीच आशा आहे. कोरडी होडी तहानलेली असते, सडलेली असतेच असं नाही. आधी ठोकून बघा. पठाण आणि वांक ठणकत असतील तर फळ्या कितीही फाटलेल्या दिसोत, काम करण्याजोगी आहे. पण तिला कुठलाही लेप, लांबी, गोंद लावू नका. मिस्त्री येईपर्यंत गोणपाट आणि समुद्राचं पाणी, एवढंच.

दुसरा: 'पाण्यात घालायचीच नाही, नुसती आठवण म्हणून ठेवायची आहे.' मग वर छप्पर हवं, बाजू उघड्या हव्यात, खाली जमिनीला स्पर्श नको आणि दुपारचं ऊन नको. एसी खोली तर नकोच, तिथे ती आणखी वाळून फुटेल. गुरांचा गोठा रिकामा असेल तर त्यासारखी जागा नाही. आणि दर दोन वर्षांनी आतून तेलाचा हात.

तिसरा प्रश्न एका ताईंनी चिठ्ठीवर लिहून पाठवला आहे: 'मिस्त्री मिळत नाही. घरचे लोक काय करू शकतात?' पुष्कळ. गाळ काढणं, भोकं मोकळी करणं, बूच काढणं, ओंडके नीट लावणं, शाकारणं, तेल लावणं. यातल्या कशालाच मिस्त्री लागत नाही. मिस्त्री लागतो तो कापूस ठोकायला आणि फळी बदलायला. ती वेळ पुढे ढकलणं तुमच्या हातात आहे. मे महिन्यातले दोन रविवार पुरतात. आणि पाऊस सुरू झाल्यावर दर मोठ्या सरीनंतर एकदा झापाखाली वाकून बघा, आत पाणी आहे का. असेल तर ते कुठून आलं ते बघा, नुसतं उपसू नका.